विलास सरांचा न झालेला तास

फोन आला तेव्हा मी चाचणीचे पेपर वाटत होते. विलास सरांचा मुलगा होता. "बाई, पप्पा गेले," एवढंच म्हणाला. बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं, महिनाभर अंथरूण, मग छातीत कफ... मी फोन ठेवला आणि उरलेले पेपर वाटले. मुलं वाट बघत बसली होती.

आंबवड्याच्या वरच्या अंगाला आमची शाळा. विलास सर तिथे विज्ञान शिकवायचे, मी मुख्याध्यापिका. भोरहून एकाच एसटीने यायचो. आधी व्याख्या फळ्यावर लिहायची, हे त्यांना मान्य नव्हतं. सहावीच्या मुलांना ते अंगणात फक्कीच्या पांढऱ्या भुकटीने आखलेल्या चौकटीत खांद्याला खांदा लावून उभं करायचे. हा घन पदार्थ. जागा सोडायची नाही, नुसतं थरथरायचं. मग ओरडायचे, "तापवलं!" रांगा मोडायच्या, मुलं एकमेकांना घासत सरकायला लागायची.

"सर, आमी वितळलो व्हय?"

"वितळलास. चौकटीबाहेर पाय टाकलास तर वाफ होशील."

विरघळणं दाखवायला सातवीच्या चार मुली मीठ होऊन त्या गर्दीत शिरायच्या. सर विचारायचे, "मीठ कुठं गेलं?" आतून कुणीतरी कळवळायचं, "गेलं न्हाई सर, हितंच हाय. माझ्या पायावर हुबं हाय!"

त्यांचा उजवा हात थरथरतो, हे मला वर्षभर दिसत होतं. हजेरीपटावरची सही आधी वाकडी झाली, मग दोन ओळींत पसरली. मी बोलले नाही. ते गेले तर या रस्त्याला दुसरा विज्ञान शिक्षक येणार नाही, हे मला माहीत होतं. मग एके दिवशी मेण वितळवताना वाटी चिमट्यातून सुटली आणि मेण एका मुलीच्या मनगटावर सांडलं. दुसऱ्या दिवशी तिची आई आली. भांडेल म्हणून मी तयारीतच होते. ती म्हणाली, "पोरीचा हात हुईल बरा. सर, तुमच्या हाताला काय झालंय? आन् बाई, तुमाला दिसत न्हवतं व्हय?"

त्याच आठवड्यात प्रयोग बंद केले आणि सरांना वाचनालय दिलं. ते हसले. "म्हणजे आता मी घन झालो, बाई. जागच्या जागी थरथरायचं."

पुढे दोन-तीनदा त्यांनी विचारलं. "सहावीचा एक तास द्या. दिवा नको, मेण नको. हात लावायचं कामच नाही."

"तपासणी होऊ दे, मग बघू," मी म्हणाले. तपासणी झाली, स्नेहसंमेलन आलं, आणि मग ते पडले. माझं 'बघू' म्हणजे 'नाही', हे त्यांना कळलं असेल, असं मी धरून चालले होते.

तेराव्यानंतर वाचनालय उघडलं. खिडकीत, नकाशांच्या गुंडाळ्यांमागे काचेची बरणी होती. आमच्याकडे फवारणीला वापरतात त्या मोरचुदाचा खडा तळाशी, वर न ढवळलेलं पाणी. खड्यातून सुटलेला निळा रंग आपोआप वर चढत होता. कण स्वतःच हलतात, हे दाखवायला स्थिर हात लागतच नव्हता. बाहेरून कागदाची पट्टी डकवलेली: 'सहावीसाठी. हलवू नये.' दर सोमवारी रंग कुठवर आला, त्याची पेन्सिलीची रेघ. पाचही रेघा वाकड्या. रंग शेवटच्या रेघेच्या चार बोटं वर गेला होता.

झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, "वतून दिऊ का, बाई?"

नको म्हटलं. परवा सहावीला तिथे घेऊन गेले. मुलं बरणीभोवती दाटीने उभी राहिली.

"बाई, हे कुणी हलवलं व्हतं?"

"कुणीच नाही."

"मग रंग वर कसा गेला?"

मी भाषेची शिक्षिका. वाक्य जुळवायला गेले, जुळलं नाही. तास संपेपर्यंत मुलं उत्तराची वाट बघत उभी होती.