खोबरेल तेलाचा बंपर

डोक्यावर फारसे केस उरले नाहीत, तरी बायको रविवारी खोबरेल तेल चोपडतेच. त्या वासानं मला वीस वर्षांपूर्वीची, चेन्नईजवळच्या तांबरमची आमची गाडी आठवते, उन्हानं पांढरट पडलेल्या काळ्या बंपरची.

गुडघ्यांनी दगा दिल्यावर माझ्या वडिलांचं, अप्पांचं, गाडी चालवणं थांबलं होतं. त्यांना न विचारताच मी गाडी विकायला गिऱ्हाईक ठरवलं आणि त्यांना सांगितलं, "आयुधपूजा आलीय, गाडीची पूजा करायची तर ती जरा नीट करू." दारावर रंगाचा टवका उडाला होता. तिथे मी ब्रशनं रंग भरला, तर चामखीळच उगवली.

"अरे, रंग लावतोस का इडलीवर चटणी वाढतोस?" अप्पांनी तो पुसला. काडेपेटीच्या काडीनं एकेक पातळ थर दिला, प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबले. मग खोबरेल चोळून बंपर काळाभोर केला.

"पूजा झाली की तू चालव, मी शेजारी बसतो. मरिनाच्या समुद्रावर जाऊ."

"हो अप्पा," मी म्हणालो.

त्याच दुपारी चार वाजता गिऱ्हाईक आलं. बंपरवरून हात फिरवत त्यानं विचारलं, "इतकं छान कुणी केलं?"

"माझ्या मुलानं," अप्पा म्हणाले.

मी तेही नाकारलं नाही. फक्त किल्ली त्यांच्या खिशात होती, ती मागावी लागली.