मांडीवरची पेटी

सांगलीत स्टँडमागं मोटारीच्या सीटा शिवणारा एक माजी सुभेदार होता. मान ताठ ठेवून नुसत्या मिशा हलवायचा आणि प्रत्येक वाक्याला “समझा क्या?” म्हणायचा. मी त्याच्या हाताखाली शिवायला होतो आणि त्याची नक्कल लय झकास करायचो.

तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्यानं त्याच्याकडनं बारक्या पोरासाठी खुर्ची करून घेतली. सुभेदारानं पोराचं माप घेतलं, जाड पट्टा शिवला आणि खुर्ची मोटारीत मागं बोल्टानं आवळली.

“ब्रेक लागला की मांडीवरचं पोरगं काचंवर जातंय. समझा क्या?”

आठवड्यानं तीच मोटार आली. खुर्चीत बेदाण्याची पेटी पट्ट्यानं बांधलेली आणि पोरगं पुढं, मोटार चालवणाऱ्या बापाच्या मांडीवर. माझं टाळकंच सटकलं.

“आवं शेट, खुर्ची पेटीला केलीया व्हय?”

“पेटी पडती रं गड्या. पोराला काय, धरलेलं असतंय.”

सुभेदार सुई ठेवून उठला. पोराला उचलून त्यानं खुर्चीत बसवलं, पट्टा आवळला आणि पेटी शेटच्या मांडीवर ठेवली.

“धरा हिला. आता चालवा मोटार.”

पेटीमुळं शेटला स्टेअरिंगच दिसंना. सुभेदार परत सुई घेऊन शिवायला बसला. मग त्याच्या आवाजात मीच म्हणालो, “समझा क्या?”