सीताफळ धरलं तेव्हा

२०१५च्या आसपास सिंगापूरच्या सेरंगूनमधल्या आमच्या कॉन्डोच्या बाल्कनीत एक सीताफळाचं झाड होतं, कुंडीतलं. नवऱ्याने हौसेने आणलेलं. फुलं यायची आणि गळायची. नवव्या मजल्यावर पराग पोहोचवणारे किडे फिरकत नाहीत, तेव्हा ते काम आपणच करायचं, असं कळलं. त्यातही एक खोड. सीताफळाचं फूल सकाळी अर्धवट उमलतं तेव्हा बाई असतं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुरुष. दोघं एकाच घरात राहतात, पण गाठ पडत नाही.

हे मला वेगळं समजावून सांगायला नको होतं. मी पहाटे तुआसच्या कारखान्यात जायला निघायचे तेव्हा नवरा घोरत असायचा. तो दुपारी चांगी बिझनेस पार्कला जायचा, लंडनच्या वेळेवर काम करायला. परतायचा तेव्हा मी घोरत असायचे. संसार काय तो रविवारी.

मग कामाची वाटणी झाली. संध्याकाळी मी पिकलेल्या फुलांतले पराग कुंकवाच्या रिकाम्या डबीत झटकून फ्रिजमध्ये ठेवायचे, सकाळी त्याने ते लेकीच्या रंगाच्या ब्रशने नव्या फुलांना लावायचे.

"या बहरात एक तरी फळ धरू दे, नाहीतर कुंडी माळ्याला देऊन टाकते," मी बजावलं. दिवसभर उभं राहून आल्यावर फुलांची स्थळं जमवायचा उत्साह आणायचा कुठून?

चार दिवसांनी पाहते तर डबी भरत चाललेली. ब्रश कोरडा. मी शिळे पराग टाकून दिले आणि रोज बस पकडायच्या आधी, अर्धवट झोपेत, स्वतःच ब्रश फिरवू लागले.

एका रविवारी नवऱ्याने बाल्कनीत बोलावलं. देठाशी मटारएवढा हिरवा गोळा होता.

"बघितलंस? हाताला गुण लागतो."

"बाबा, यू ऑलवेज स्लीपिंग लाह," लेक म्हणाली.

"दोनदा उठलो होतो."

मी चेहरा अगदी भाविक केला. "गुण आहे खरा. आता रोज पहाटे बघत जा त्याच्याकडे. नाजूक असतं."

सोमवारी मी अंधारात चहा टाकत होते. केस पिंजारलेला नवरा बाल्कनीतून आत आला आणि स्वयंपाकघरात बसला.

"आहे अजून," तो म्हणाला. "मलाही टाक अर्धा कप."

बस गेली तर गेली, म्हणून मी आधण वाढवलं. समोरासमोर बसून नुसता चहा प्यालो.