गोरिलाच्या तळहातावरची नवरी

खामगावहून पिंपळगाव राजाकडे जाताना आमचा ढाबा लागतो. ढाब्यापुढे गोरिला उभा आहे, दुमजली घराएवढा. आत लोखंडी सांगाडा, वरून फायबर. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या थांबाव्यात म्हणून यजमानांनी तो खामगावच्या एका मुसलमान कारागिराकडून करून घेतला. त्याचा एक हात पुढे पसरलेला आहे. तेव्हा त्या हातापर्यंत जिना होता. लोक चढायचे, तळव्यावर बसायचे, फोटो काढायचे.

त्या उन्हाळ्यात त्याच्या काखेत आग्या मोहोळ बसलं. आधी काळा डाग दिसला, मग बघता बघता ते सुपाएवढं झालं. मोहोळ काढणारा नुसता येतो येतो म्हणत होता. मी जिन्याला आडवी दोरी बांधली, पुठ्ठ्यावर ‘वर जाऊ नये’ असं लिहून टांगलं. यजमान म्हणायचे, "छेडलं नाही तं काही करत नाहीत थ्या." पण पोळ्या लाटताना माझं अर्धं लक्ष त्या काखेतच असायचं.

एका दुपारी वरातीच्या दोन गाड्या थांबल्या. लग्न लावून मंडळी नवरीला घेऊन घरी निघाली होती. यजमान भाजी आणायला खामगावला गेलेले. मी नवरदेवाच्या आईला बिनसाखरेचा चहा देऊन बाहेर आले, तर दोरी खाली पडलेली, नवरी तळव्यावर बसलेली आणि नवरदेव जिन्यावर. फोटोवाल्याच्या हातात ड्रोन होता.

"खाली उतरा दोघं," मी म्हटलं. "काखेत मोहोळ आहे."

"एकच शॉट घेतो काकू, वरून," फोटोवाला म्हणाला.

"अरे बाबू, थे उठलं तं पळता भुई थोडी होईन. थे मशीन खाली घे."

त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ड्रोन घोंघावत वर गेला, छातीपाशी थांबला आणि काखेकडे वळला. काखेतला तो काळा पडदा हलला. तळापासून वरपर्यंत एक लाट गेली. मग आवाज आला.

फोटोवाला पळाला. नवरदेव जिन्यावरून उडी मारून गाडीत शिरला आणि त्याने काचा वर केल्या. बाकीची माणसं ढाब्यात घुसली, कोणीतरी शटर अर्धं ओढलं. नवरी उठायला गेली, पण शालू जिन्याच्या कठड्यात अडकला.

"हलू नको!" मी ओरडले. "पदर तोंडावर घे. गठुडं होऊन बस."

ती बसली. जरीच्या शालूवर माश्या दिसायला लागल्या, आधी तुरळक, मग दाट.

मी भट्टीतले निखारे घमेल्यात घेतले, वर ओलं बारदान टाकलं. धूर उठला. अंगावर घोंगडी ओढली. शटरपाशी सगळे उभे होते, कोणाचेही पाय हलत नव्हते. तेवढ्यात नवरदेवाच्या आईने बाजेवरची चादर उचलून डोक्यावर घेतली.

"मी जिना धरतो, तुमी वर जा," ती म्हणाली.

"तुमाले चावतीन."

"तिले चावून राह्यल्या ना."

आम्ही धुरातून गेलो. जिना थरथरत होता. हाताला डंख बसले, मग कानामागे. घमेलं सोडता येत नव्हतं. वर पोचले तेव्हा पदराआडून बारीक आवाज आला, "सोडून जाऊ नका."

"नाही जात. पाय खाली टाक. दिसलं नाही तरी चालते, मी धरतो तुले."

अडकलेला शालू मी हिसका देऊन फाडला. ती आंधळ्यासारखी पायरी चाचपत उतरली. खालून तिची सासू सांगत होती, "हाव, तिथंच पायरी हाये. आता दुसरा पाय." अंगणातून आम्ही तिघी एकाच घोंगडीखाली चाललो. शटर वर झालं आणि आम्ही आत कोसळलो.

नवरीचं तोंड सुजून ओळखू येईना. सासू तिच्या मानेतले काटे खरवडून काढत होती. तिचा स्वतःचा डोळा मिटत चालला होता, तिकडे तिचं लक्षच नव्हतं. मोहोळ शांत व्हायला बराच वेळ लागला. मग ती काचा लावलेली गाडी अगदी दाराला भिडली. नवरदेव उतरला, बायकोजवळ बसायला पुढे आला.

"मी गाडी इकडं आणाले गेलतो," तो म्हणाला.

आईने त्याच्याकडे पाहिलं. "तू मांगच्या गाडीत बस," ती म्हणाली आणि सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली. गाड्या खामगावच्या दवाखान्याकडे गेल्या.

दोन दिवस मला ताप होता. ती पोरगी जगली की नाही एवढंच डोक्यात. मग नवरीच्या सासूचा फोन आला.

"उतरली सूज. आज भाकर खाल्ली तिनं."

विचारावं की नाही, अशा घोळात होते मी. शेवटी विचारलं, "अन् पोरगा?"

"सकाळपासून तिच्या खोलीबाहेर बसून हाये," ती म्हणाली. "ती अजून बोलली नाही त्याच्यासंग. मी बी सांगून नाही राह्यलो तिले बोल म्हणून."

पाऊस लागायच्या आधी माश्या आपणच उठून गेल्या. यजमानांनी गॅसकटरवाला बोलावून जिना कापून टाकला. गाड्या अजून थांबतात. लोक खाली उभे राहून फोटो काढतात.