चारशे अठरा जणांचा एक जून

आमच्या नाटकमंडळीचा प्रॉम्प्टर सुदाम गायकवाड, बदलापूरच्या बेलवलीचा. विंगेतून त्याने दिलेलं वाक्य मी वीस वर्षं डोळे मिटून उचललं. दिवसा आम्ही दोघंही अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात. मी गोदामात, तो हजेरी आणि कामगारांची भरतीची कार्डं सांभाळणाऱ्या टाइम ऑफिसात.

१९९३ साली कारखान्यात नवा कॉम्प्युटर आला. जुन्यातली कामगारांची माहिती नव्यात हलवली आणि ती तपासायला मुंबईहून एक साहेब आले. दुसऱ्याच दिवशी ते ओरडले, "चारशे अठरा लोक एक जूनला जन्मले? इम्पॉसिबल! डेटा बिघडलाय. या सगळ्यांनी पंधरा दिवसांत जन्मदाखला आणायचा, नाहीतर वय डॉक्टर ठरवतील."

त्या चारशे अठरांत पॅकिंगमधली गोजरबाईही होती. वांगणीच्या शेतावर जन्मलेल्या बाईला दाखला कुठला? केस पांढरेशुभ्र. डॉक्टर बघताक्षणी साठीची ठरवून तिला घरी पाठवणार, आणि लेकीच्या नर्सिंगची तर अजून दोन वर्षं बाकी.

सुदाम साहेबांपुढे उभा राहिला. "साहेब, जूनमध्ये शाळा सुरू होते. नाव घालताना मास्तर एक जून लिहून टाकायचे."

"आणि जे शाळेतच गेले नाहीत?"

"त्यांची भरतीच्या दिवशी मी लिहिली."

"म्हणजे तारखा खोट्या!"

"खरी कुणालाच ठाऊक नाही, साहेब. पण आपण तपासायचंय ते एवढंच, की कार्डावर आहे तेच मशीनमध्ये आलं का. नट खरं बोलतो की खोटं, हे प्रॉम्प्टर बघत नाही. वहीत आहे तेच बोलला का, ते बघतो."

साहेबांनी कार्डं मागवली. आवाज खणखणीत म्हणून वाचायला मला बसवलं. तीन दिवस मी "एक जून, एक जून" हाच संवाद म्हटला. एवढी लांब भूमिका मंडळीने मला कधी दिली नव्हती. सुदाम कॉम्प्युटरवर बोट ठेवून "बरोबर" म्हणायचा. फरक निघाला एकच. आमच्या गोदामातल्या मधूकडे इस्पितळाचा अस्सल दाखला होता, एक जुलैचा. त्याचा नव्या मशीनमध्ये जून झाला होता. चारशे अठरांत खरी तारीख त्या एकट्याची, आणि चुकली तीच.

साहेबांनी हुकूम मागे घेतला. गोजरबाई पुढची तीन वर्षं पॅकिंगमध्येच राहिली आणि कार्डाप्रमाणे, मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी, रिटायर झाली. नर्स झालेली लेक तिला न्यायला आली होती. सुदामने हार घातला, तशी गोजरबाई त्याला म्हणाली, "सुदामभाऊ, तारीख तूच लिहिलीस ना? मग मला आणखी दहा वर्षांनी जन्माला घातलं असतंस, तर तुझं काय जात होतं रे?"