डाव्या हातावरचे थेंब

तुम्ही गिळता ती गोळी शुद्ध आहे हे ठरवतं कोण? यंत्र, असं म्हणाल. मीही तेच म्हणायचे. मग कामगार संघटनेच्या कचेरीत एका बाईने माझ्या टेबलावर डावा हात उताणा ठेवला. मनगटापासून कोपरापर्यंत काळपट गोल डाग, शर्टाच्या बटणाएवढे, दोन सरळ रांगांत. मला वैद्यकी येत नाही, पण एवढं कळतं की कातडीचा रोग असा ओळीत उभा राहत नाही. रोगाला शिस्त नसते. शिस्त लावणारा माणूस असतो.

त्या बाईला सगळे ताई म्हणत. औषध कंपनीच्या संशोधन विभागात ती अकरा वर्षं कंत्राटावर काचेची भांडी धूत होती आणि तिथले साहेबसुद्धा तिला ताईच म्हणत. साहेब सभ्य. त्यांचा आवाज कधी चढला नाही. मला शिव्या देणारा मालक परवडतो. निदान त्याचं तोंड आणि मन एका गावात राहतं.

खोली दुसऱ्या मजल्यावर. चार लांब टेबलं, धूर ओढून घेणारी तीन कपाटं, त्यातल्या एकाचा पंखा बंद. ताईचं सिंक शेवटी, न उघडणाऱ्या खिडकीखाली. गोल बुडाचे चंबू, नळ्या, काचकाड्या, सगळं आधी सॉल्व्हंटने खंगाळायचं, मग साबण, मग गरम कपाटात वाळवायचं. हातमोजे मिळायचे, पण कसे? केमिस्ट मंडळींनी वापरून टाकलेले. घरात थोरल्याचा शर्ट धाकट्याला जातो, तसे.

तिथे चालायचं ते कड्यांचं काम. पाच-सहा अणू हात धरून गोल उभे राहतात, आणि कार्बनच्या त्या घोळक्यात एखाददुसरा नायट्रोजन घुसलेला असतो. पुस्तकात याला विषमचक्रीय संयुगं म्हणतात, खोलीत सगळे नुसतं ‘रिंग’ म्हणायचे. निम्मीअधिक औषधं अशाच रिंगांची. साहेबांची रिंग दुखणाऱ्या सांध्यांसाठी होती. कच्च्या मालाच्या रिंगला क्लोरीन चिकटलेला असतो. तो काढून तिथे दुसरं काही बसवायचं, की झाला नमुना. पण थोडा कच्चा माल तसाच मागे राहिला, तर नमुना वाया. आणि ही क्लोरीनवाली कच्ची रिंग मोठी डूख धरणारी. एकदा कातडीने तिला ओळखलं, की पुढे जन्मभर रेणूभर जरी शिवली तरी कातडी पेटून उठते.

ताईच्या कातडीने ती ओळखली चौथ्या वर्षी, फाटक्या मोज्यातून. बोटांना भेगा पडल्या, पापण्या सुजल्या. साहेब म्हणाले, ताई, साबण बदला.

तिने साबण बदलला. कंत्राटातल्या माणसाला तक्रार परवडत नाही, आणि दर वर्षी कानावर यायचं की यंदा दोघातिघांना कायम करणार आहेत. ताईला तेवढंच हवं होतं. कायमची नोकरी, म्हणजे आजारी पडायची परवानगी.

मग एक दिवस धुवायला आलेल्या एका चंबूने तिचं मनगट लाल केलं. चंबूतला नमुना शुद्ध म्हणून बाटलीत भरून झाला होता. ती भीत भीत म्हणाली, यात ते अजून आहे. सगळे हसले. एकाने विचारलं, ताई, पीएचडी कुठून केली? आठ दिवसांनी दुसऱ्या शाखेतल्या मोठ्या यंत्राचा अहवाल आला. होतंच ते. अर्धा टक्कासुद्धा नाही, पण होतं. नमुने तपासायच्या खोलीतल्या जांभळ्या दिव्याखाली जे दिसलं नाही, ते ताईच्या मनगटाला दिसलं होतं.

त्या दिवशी साहेबांनी तिला स्वतःच्या समोरची खुर्ची दिली. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती त्या खोलीत बसली. हे सांगताना ताईचा चेहरा खुलला, आणि मला तिचा इतका राग आला की मी पाणी प्यायला उठले.

कारण तिथूनच सुरू झालं. अहवालाला आठ दिवस लागायचे, ताईला एक रात्र पुरायची. संध्याकाळी निघताना बाही वर करायची. साहेबांच्या हाताखाली प्रबंध करणारी एक नवी केमिस्ट पोरगी, जिला सगळे चष्मेवाली म्हणत, पेनाने हातावर गोल काढायची, शेजारी नमुन्याचा आकडा लिहायची आणि काचकाडीने मधोमध एक थेंब ठेवायची. सकाळी बघायचं. गोल कोरा, तर नमुना पुढे उंदरांकडे. गोल लाल, तर नमुना परत टेबलावर. उंदरांसाठी नियमांचं पुस्तक आहे, समिती आहे, सह्या आहेत. ताईसाठी पेन होतं.

प्रयोगाच्या वहीत यातलं काही उतरलं नाही. वहीत फक्त ‘पुन्हा शुद्ध केला’ एवढंच यायचं. का केला, ते ताईच्या हातावर.

घरी नवरा शिवणकाम करतो. तो म्हणाला, गिऱ्हाइकाचं कापड असलं तरी मी इस्त्री आधी कोपऱ्यात लावून बघतो, आणि तुझ्यावर हे रोज सबंध इस्त्री फिरवतात. मुलगी झेरॉक्सच्या दुकानात कामाला. तिने आईशी आठवडाभर अबोला धरला. ताई दोघांना एकच सांगायची: साहेबांनी यादीत नाव घातलंय.

नाव घातलं होतं, खरंच. साहेब खोटं बोलले नाहीत. चाळीस नमुने झाले आणि कायम करायच्या यादीतल्या लोकांची वैद्यकीय तपासणी आली. कंपनीच्या डॉक्टरने ताईचा हात पाहिला, चष्मा वर केला, परत पाहिला आणि लिहिलं: जुनाट त्वचारोग, रसायनांच्या कामास अयोग्य. कायम होणं राहिलं बाजूला, कंत्राटही महिन्याअखेरीस बंद.

ती कागद घेऊन साहेबांकडे गेली. साहेबांना वाईट वाटलं. त्यांना नेहमीच वाईट वाटायचं. म्हणाले, मी वरच्यांना पत्र लिहितो, कँटीनमध्ये वगैरे काही होतंय का बघू. मग थोडं थांबून म्हणाले, “ताई, शुक्रवारी एक्केचाळिसावा जाणार आहे. यंत्र दुरुस्तीला गेलंय. शेवटचं एकदा बघून देता?”

तिने बाही वर केली.

तुम्ही मला विचाराल, का? मीही विचारलं, जरा आवाज चढवून. ती म्हणाली, पत्र अजून लिहून व्हायचं होतं ना.

त्या दिवशी चष्मेवालीने पेन खाली ठेवलं. ती दबल्या आवाजात साहेबांना म्हणाली, सर, नको, मागच्या वेळी श्वास लागला होता त्यांना. साहेब म्हणाले, तुला तुझा प्रबंध पुरा करायचाय ना? पोरीने गोल काढला. गोल वाकडा आला.

पहाटे ताईचा हात कोपरापर्यंत फुगला, ओठ सुजले, श्वास शिटीसारखा वाजायला लागला. नवऱ्याने आणि मुलीने तिला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरने सुई दिली आणि म्हणाला, अर्धा तास उशीर केला असता तर मला फक्त कागद भरावे लागले असते.

साडेनऊला मुलीचा फोन वाजला. साहेब. आई कामावर आली नाही, असं म्हणाले. मुलीने सांगितलं, दवाखान्यात आहे, ऑक्सिजन लावलाय. साहेब म्हणाले, अरे अरे. काळजी घ्या म्हणाले. आणि पुढे म्हणाले, “तेवढं हाताचं काय आलं, विचारतेस का? गाडी अकराला निघतेय.”

मुलगी फोन आपटणार होती. ताईने हात पुढे केला, दुसरा, चांगला. तोंडावरचा मास्क बाजूला सारून ती तीन दमांत म्हणाली, “आहे त्यात. पाठवू नका. परत करा.”

मी तिच्या जागी असते तर स्वच्छ आहे म्हणाले असते. जाऊ दे गाडी, जाऊ दे साहेबांची अब्रू उंदरांच्या पिंजऱ्यात. मी तसं तिला बोलूनही दाखवलं. ताईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तिच्या धुतलेल्या चंबूत थुंकले.

“औषध आहे ते,” ती म्हणाली. “उद्या कुणाच्या पोटात जाणार.”

नमुना परत केला गेला. तो पुढे शुद्ध झाला, आता माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलाय असं ऐकते. पत्र काही लिहिलं गेलं नाही. ताईला आता लादी पुसायची पावडर सोसत नाही, नवा कपडा सोसत नाही, गर्दीत कुणी अत्तर लावून आलं तरी छाती भरून येते. धुण्याभांड्याची कामं तिला कुणी देत नाही; हात बघतात आणि दार लोटतात. ती नवऱ्याच्या मशीनशेजारी बसून काजं करते, तीही धुतलेल्या कापडावरचीच.

आम्ही कामगार न्यायालयात गेलो. कंपनीचं उत्तर आलं, चांगल्या जाड कागदावर. अशी कोणतीही तपासणी कधीही झालेली नाही. वह्या तपासाव्यात. सदर महिलेस मूळचाच त्वचारोग आहे. दोन रांगांत उभ्या असलेल्या रोगाबद्दल त्यांच्या वकिलाला मी विचारलं, तर न्यायाधीशांनी मलाच गप्प बसवलं. बरोबर आहे, माझी तिथे बोलायची पाळी नव्हती. ते म्हणाले, प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार आणा.

खोलीत सात माणसं होती. सहा अजून तिथेच नोकरीला आहेत आणि सहांनाही काही आठवत नाही. सातवी चष्मेवाली. प्रबंध पुरा करून ती गेली. तिचं खरं नाव ताईला ठाऊक नाही, आणि कंपनी नाव-पत्ता देत नाही. ताई तिच्यावर रागावलेली नाही. मी आहे, पण माझा राग मी दाराबाहेर ठेवीन.

म्हणून आता तुम्हाला सांगते. त्या सातांतले कुणी तुम्ही असाल, किंवा ती चष्मेवाली तुमची मुलगी, सून, वहिनी, सहकारी, वरच्या मजल्यावरची भाडेकरू असेल, तर हा कागद तिच्या हातात द्या, आणि पुढच्या तारखेला ती कोर्टात यायला तयार होईपर्यंत तिच्यासमोरून हलू नका.