बेचाळीस सेल्समन

नोटीस मीच टाइप करून घेतली होती. खाली सही माझी होती. घाटकोपरच्या गाळ्यात ती भिंतीला चिकटवायला डिंकाची बाटलीही मीच मुलुंडहून नेली होती. त्यामुळे पुढे जे झालं त्याचा दोष दुसऱ्या कोणावर ढकलायची सोय नव्हती.

नोटिशीत दोनच ओळी होत्या. यंदापासून गणपतीची सुट्टी बारा दिवसांऐवजी तीन दिवस राहील. सर्वांनी नोंद घ्यावी.

फोरमन दाजी राणे पुढे आले. चष्मा लावला, नोटीस मोठ्याने वाचली, चष्मा काढला.

"टायपिंग बरा आसा, बाई," म्हणाले, आणि मशीनवर परत गेले. बाकीचे एकेचाळीस जणही गेले. कोणी एक शब्द बोललं नाही. मला वाटलं, काम फत्ते. नोकरीला पंधरा वर्षं झाली होती, तरी शांत कामगार म्हणजे पटलेला कामगार असं मी धरून चालले.

आता जरा मागचं सांगते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमची कंपनी मुलुंडला पितळी स्टोव्ह बनवायची. तेव्हा गॅसचा नंबर लागायला वर्षं लागत, तरी मुंबईत गॅस येणार हे सगळ्यांना दिसत होतं. शहरात स्टोव्हचा खप वाढायचा थांबला होता. आमचे मालक वेलजीभाई कच्छी. त्यांचं म्हणणं, धंदा वाढवायचे दोन रस्ते. एक, नवी फॅक्टरी टाका, नवी माणसं शिकवा, नवं नाव बाजारात रुजवा. दुसरा, कोणाचा तरी चालता धंदा विकत घ्या. इंग्रजी पेपरात याला टेकओव्हर म्हणतात. वेलजीभाई म्हणायचे, "सुमनबेन, माझं वय झालं. रोप लावून बसायला वेळ नाही. फळ धरलेलं झाड बघा."

ते झाड घाटकोपरला सापडलं. परुळेकर नावाचे गृहस्थ दोन गाळ्यांत 'होडी छाप' स्टोव्हच्या पिना करत. ज्यांनी स्टोव्ह वापरलेला नाही त्यांच्यासाठी सांगते, पत्र्याच्या पट्टीला लावलेली केसाएवढी तार म्हणजे पिन. बर्नरचं भोक काजळीने बुजलं की ती खुपसायची. भोक मोकळं होतं आणि बहुतेक वेळा पिन तुटते. म्हणून धंदा चालतो. परुळेकर सत्तरीचे झाले होते. मुलगा बँकेत, त्याला पिनांना हात लावायचा नव्हता.

घेण्याआधी पाहणी करून रिपोर्ट द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन बघत असे. मशीनं पाहिली, हजेरी पाहिली, गाळ्यांचे कागद पाहिले. एक गोष्ट डोळ्यांत भरली. निम्म्याहून जास्त माल कोकणात खपत होता. आमचा स्टोव्ह तर महाडच्या पुढे कोणाला माहीत नव्हता. मी परुळेकरांना विचारलं, "कोकणातली विक्री कोण बघतं?"

"आमची माणसं बघतात," ते म्हणाले.

मी रिपोर्टात लिहिलं: डीलर नेटवर्क उत्तम. आणि किमतीत गुडविलची रक्कम धरली. गुडविल म्हणजे अशी मालमत्ता, की जिला लाथ मारली तर आवाज येत नाही. नाव, ओळख, गिऱ्हाइकाचा विश्वास. त्याचे चांगले पैसे मोजून वेलजीभाईंनी कंपनी घेतली. मला म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघतो. खप वाढला तर पुढची कंपनी शोधू. नाही तर गाळे बंद, मशीनं मुलुंडला. माणसं घ्यायला मुलुंडला जागा नाही, हे तुम्हाला माहीत आहे." म्हणजे माझ्या रिपोर्टावर बेचाळीस घरं टांगलेली होती.

ताबा घेतल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर दोन्हीकडचे नियम सारखे केले. एका कंपनीत दोन नियम नकोत, हे मला प्रशासनाचं पहिलं पाऊल वाटे. मुलुंडला गणपतीची सुट्टी तीन दिवस. म्हणून घाटकोपरलाही तीन.

नोटिशीनंतर आठवड्याने मी दुपारी न कळवता गाळ्यात गेले. पॅकिंगच्या टेबलामागे वर्तमानपत्रात बांधलेले पिनांचे गठ्ठे रांगेने मांडले होते. प्रत्येकावर निळ्या पेन्सिलीने गावाचं नाव. आचरा, वेंगुर्ला, देवरुख, तळेरे. मोजले तर बेचाळीस.

"हे काय आहे, दाजी?"

"गावचा."

"कंपनीचा माल गावी चाललाय? गेटपास कुठाय?"

"दर वर्साक जाता, बाई."

"कोणाच्या परवानगीने?"

दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण रस्ता चुकलेल्या माणसाकडे पाहतो. "परुळेकरांका इचारा," एवढंच म्हणाले.

मला चोरी दिसत होती. चोरी आणि तीही नावं घालून. मी तशीच घाटकोपर पूर्वेला परुळेकरांच्या घरी गेले. ते झोपाळ्यावर बसले होते. मी गठ्ठ्यांचं सांगितलं. ते इतके हसले की त्यांच्या पत्नीला पाणी आणावं लागलं.

"अहो, तुम्ही विचारलंत तेव्हा सांगितलं ना, आमची माणसं बघतात म्हणून."

"मला वाटलं, एजंट."

"माझ्याकडे एक सेल्समन नाही. बेचाळीस आहेत. प्रत्येक जण गणपतीला गावी जाताना गठ्ठा नेतो. वाडीतल्या दुकानात देतो, आजूबाजूच्या चार दुकानांत देतो. दुकानदार त्याला लहानपणापासून ओळखतो. आमचा माणूस वर्षाची ऑर्डर चिठ्ठीवर लिहून घेतो, शिमग्याला उरलीसुरली. गणपतीत घरोघरी पाहुणे, स्टोव्ह दिवसभर पेटलेला, पिना तुटणारच. दुसरा कुठला मुहूर्त हवा विकायला?"

"मी सुट्टी तीन दिवसांवर आणलीय," मी म्हटलं.

परुळेकरांचा झोपाळा थांबला. "जायला एक दिवस, यायला एक दिवस. मधल्या एका दिवसात काय करतील, आरती? बाई, कोकणातला माणूस गणपतीला जाणारच. तुम्ही नोटीस लावा, नाही तर तोफ लावा. राजीनामा देऊन जाईल. फक्त रिकाम्या हाताने जाईल. आणि परत आला तर तुमच्याकडेच येईल असं नाही."

मला तेव्हा उलगडलं की मी गुडविलचे पैसे मोजले आणि त्याच गुडविलची सुट्टी कापली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेलजीभाईंपुढे उभी राहिले.

"नोटीस मागे घ्यायची आहे."

"कोणी लावली?"

"मी."

"मग मला काय विचारता? काढा." मग त्यांनी कारण ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "बारा दिवस शटर बंद? मी फॅक्टरी घेतली की शाळा? आणि दादरच्या व्यापाऱ्याचा माल त्याच आठवड्यात द्यायचाय, त्याचं काय?"

"तो आधी काढून देतील. दाजींशी बोलते."

"आणि मुलुंडचे कामगार? त्यांनी बारा दिवस मागितले तर?"

याचा विचार मी रात्री करून ठेवला होता. "सुट्टी म्हणायचंच नाही. बाहेरगावची ड्युटी म्हणायचं. ऑर्डर आणेल त्याची हजेरी."

वेलजीभाईंनी पेपरवेट बाजूला सारला. "मग आपला स्टोव्ह पण द्या त्यांच्याबरोबर. माणशी एक. विकायला नाही, दाखवायला."

मी घाटकोपरला गेले, सगळ्यांसमोर नोटीस फाडली आणि नवा प्रस्ताव मांडला. दाजींनी ऐकून घेतलं.

"पिन खिशात मावता, बाई. स्टोव्ह खंय मावतलो? डोक्यार?"

"एसटी डेपोपर्यंत आमचा टेम्पो येईल. टपावर चढवून देऊ."

"आणि थंय उतरल्यार?"

"तुमच्याच घरी न्यायचा. गणपतीच्या जेवणाला स्वयंपाकघरात पेटवायचा. बस."

मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे बायकोक स्टोव्ह फुकट." गाळ्यात पहिल्यांदा हशा झाला. दादरच्या मालासाठी ते तीन रविवार यायला तयार झाले. निघताना मी दाजींना विचारलं, "मी नोटीस लावली तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुमी कंपनी इकत घेतलात," दाजी म्हणाले. "वाटला, तुमका ठाऊक आसतला."

मुलुंडला बातमी पोहोचायला एक दिवस लागला. युनियनचे कदम माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, आम्हाला पण ड्युटीवर पाठवा ना."

"पाठवते. गाव कुठलं?"

"डोंबिवली."

"तिथे आपला डीलर आहे," मी म्हटलं. कदम हसले आणि गेले.

ते बारा दिवस लांबले. वेलजीभाई रोज फोन करून विचारत, "एक तरी आला?" मी म्हणे, "विसर्जन व्हायचंय." दहाव्या दिवशी ते म्हणाले, "बेचाळीस स्टोव्ह गेले, बेचाळीस माणसं गेली. तुमचा रिपोर्ट तेवढा माझ्याकडे आहे." मी फोन ठेवला आणि चहा घेतला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

तेराव्या दिवशी मी सकाळी पावणेआठला घाटकोपरला उभी होते. आठला शटर वर गेलं. एकेचाळीस जण मोजले. दाजी नव्हते. मी परत मोजले. सव्वाआठला ते आले. उशीर झाला, कारण त्यांच्या डोक्यावर फणसपोळी आणि खाज्याची करंडी होती आणि हातात कापडी पिशवी. पिशवी त्यांनी माझ्या टेबलावर उलटी केली. चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. वहीची पानं, कॅलेंडरची मागची बाजू, एका लग्नपत्रिकेचा कोपरा. पिनांच्या ऑर्डरी नेहमीपेक्षा जास्त. आणि स्टोव्हच्या इतक्या, की मुलुंडला दिवाळीपर्यंत दुसरी पाळी लावावी लागली.

"नेलेले स्टोव्ह कुठे आहेत?" मी विचारलं.

"ते येवचे नाय," दाजी आईच्या आठवणीने हसत म्हणाले. "माझ्या आवशीन हात लावूक देवक नाय."

वेलजीभाईंना फोन केला. त्यांनी आधी चिठ्ठ्यांचं ऐकलं, मग बेचाळीस स्टोव्ह गेल्याबद्दल रीतसर कुरकुर केली. गाळे बंद करायचा विषय परत निघाला नाही.

दोन वर्षांनी अंधेरीला स्टोव्हच्या पंपाचे वायसर बनवणारी एक कंपनी विकायला निघाली. पाहणीला वेलजीभाई स्वतः आले. मालकाने मशीन दाखवायला सुरुवात केली, तर त्यांनी हात वर करून थांबवलं. "मशीन नंतर. आधी सांगा, तुमची माणसं सुट्टीवर कधी जातात आणि जाताना काय घेऊन जातात?"

मालक माझ्याकडे बघायला लागला. मी वही उघडली आणि लिहायला बसले. चालता धंदा विकत घेताना तो कसा चालतो हे सगळेच विचारतात. तो बंद कधी असतो आणि का, हे विचारायला फार तर एक मिनिट लागतं.